चांदीची लगड: तळ जमला, वरची बाजू बाकी

मंडळी, मागच्या नोंदीनंतर बरंच काही जागेवर आलं आहे. घरच्या भट्टीवर छंद म्हणून ओततो त्या शंभर ग्रॅमच्या चांदीच्या लगडीचा तळ आणि चारही बाजू आता साच्यातून निघतात तशाच ठेवता येतात. कानस लागत नाही, पॉलिश पेपर लागत नाही. वरची बाजू मात्र अजून मनासारखी येत नाही. ही नोंद मुख्यतः तिच्याबद्दल आहे, कारण साचा कितीही चांगला असला तरी उघड्या बाजूला साचा नसतोच. तिथे धातू, हवा आणि उष्णता यांचंच काय ते ठरतं.

आधी हवेचं. चांदी ९६१.८ अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळलेली चांदी आपल्या घनफळाच्या सुमारे वीस पट ऑक्सिजन पोटात घेते. गोठताना तिला तो धरून ठेवता येत नाही. वरचा थर दुधावरच्या सायीसारखा आधी धरतो, खालचा वायू त्याला फोडून बाहेर येतो आणि लगडीवर फोड, खड्डे, कधी उडालेल्या थेंबांचे काटे राहतात. सोन्यात हा प्रकार जवळजवळ नाही. त्यामुळे सोन्यावर हात बसलेल्या माणसालाही चांदी वेगळी शिकावी लागते. चांदीची वरची बाजू खडबडीत आली की बहुतेक जण साच्याला दोष देतात. माझ्या मते आधी मुशीकडे, म्हणजे चांदी वितळवायच्या भांड्याकडे, पाहावं.

त्यावर उपाय जुनाच आहे, कोळसा. तापलेला कोळसा जवळचा ऑक्सिजन स्वतःच खातो. आपल्याकडे माळरानावर वेडी बाभूळ हवी तेवढी आहे, तिचा कोळसा सहज मिळतो. तो बारीक करून, आधी लाल करून त्यातला ओलावा घालवायचा आणि चांदी वितळू लागताच मुशीत वरून त्याचा थर द्यायचा. ग्राफाइटची मूस असेल तर तीही मदत करते, कारण ग्राफाइट हाही कार्बनच. पूर्ण पातळ झाल्यावर ग्राफाइटच्या कांडीने हलवून काही मिनिटं तशीच झाकून ठेवतो. थर दिलेली आणि न दिलेली लगड शेजारी ठेवून पाहा, मग कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही. गॅसची ज्योत वापरणाऱ्यांनी ती मऊ, जरा पिवळसर ठेवावी. फुसफुसणारी टोकदार निळी ज्योत चांदीला ऑक्सिजन पाजते.

टाकणखाराबद्दल (बोरॅक्स) माझं मत आता पक्कं झालं आहे: नव्या मुशीला आतून झिलई द्यायला हवा तेवढाच घ्यावा. ९९९ शुद्धतेच्या (हजारात ९९९ भाग चांदी) दाण्यात, म्हणजे चांदीच्या बारीक गोळ्यांत, जाळायला घाण नसतेच. जास्तीचा टाकणखार धारेबरोबर साच्यात उतरतो, चांदीवर काच होऊन बसतो आणि ती काच धुऊन काढली की खाली खळगा दिसतो. वापरायचा तोही लाही करून, म्हणजे फुलवून कोरडा केलेला. ओतताना मुशीच्या ओठाशी कांडी आडवी धरली की कोळसा आणि मळी मागे राहते.

मोडीच्या चांदीबद्दल एक कळकळीची विनंती. जुनी जोडवी, पैंजण थेट मुशीत टाकू नका. जुन्या डाकामध्ये, म्हणजे जोड द्यायला वितळवलेल्या मिश्रधातूत, कॅडमियम असू शकतं. केडीएम सोनं हे नाव त्यावरूनच आलं. कॅडमियम ७६७ अंशाला उकळतं, म्हणजे चांदी वितळायच्या आधीच त्याचा धूर होतो, आणि तो धूर फुप्फुसांना घातक असतो. छंदापुरतं काम असेल तर सराफ बाजारातून शुद्ध दाणा घ्यावा आणि पावती जपून ठेवावी.

आता साचा. सोनार लोखंडी साचा तेल लावून वापरतात आणि त्यांच्या कामाला तो उत्तम आहे. त्यांना त्या लगडीतून पुढे पत्रा किंवा तार काढायची असते, तेलाच्या धुराने उठलेले डाग पत्रा लाटणाऱ्या रुळाखाली दबून जातात. आपल्याला ओतलेलाच पृष्ठभाग हवा असतो, म्हणून मी ग्राफाइटवर आलो. बारीक कणांचा ठोकळा घेऊन सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात कोरून घेतला. ग्राफाइटची भुकटी मशीनमध्ये जाते आणि तिच्यातून वीज वाहते, म्हणून कोणी सहज तयार होत नाही. ज्यांनी केलं त्यांनी मन लावून केलं. भिंतींना बाहेरच्या बाजूला थोडा उतार हवा, नाहीतर लगड अडकते. आतून ६०० आणि मग १००० नंबरचा कोरडा पेपर फिरवला. साच्यावरचा प्रत्येक ओरखडा चांदी जसाच्या तसा उचलते, त्यामुळे इथे घालवलेली संध्याकाळ फुकट जात नाही.

साचा किती तापवायचा, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. थंड साच्यात धातू टेकताच गोठतो आणि लाटा दिसतात, एका घडीवर दुसरी घडी. उलट उघड्या हवेत ग्राफाइट ४५०-५०० अंशांच्या पुढे जळू लागतो आणि घासून केलेली आतली बाजू खरखरीत होते. मी ४०० च्या आसपास थांबतो, चांदी १०५० ला ओततो, आणि धार एकसंध ठेवतो. धार तुटली की तिथे रेघ आलीच.

लहान लगड मोठीपेक्षा अवघड असते, हे नव्या मित्रांना पटत नाही. पण हिशेब पाहा. सगळ्या धातूंत उष्णता सर्वांत वेगाने चांदीतून वाहते. शंभर ग्रॅम चांदी म्हणजे जेमतेम साडेनऊ घनसेंटीमीटर. एवढ्याशा धातूत उष्णता थोडी, ती साच्यात उतरताच निघून जाते. सोन्याचं तर याहून कठीण. दहा ग्रॅमचा तोळा धरला तर अर्ध्या घनसेंटीमीटरच्या किंचित वर, आणि गोठताना एक ग्रॅम सोनं साधारण ६४ ज्यूल उष्णता सोडतं, चांदी १०५. सोनं १०६४ अंशाला गोठतं, म्हणजे साच्याशी तापमानाचा फरकही जास्त. तोळ्याएवढं सोनं मुशीतून ओतून स्वच्छ लगड काढायची आशा मी सोडली आहे.

मग राहतो तो वरचा खळगा. गोठताना दोन्ही धातू चार-पाच टक्के आकसतात, आणि जो भाग शेवटी गोठतो तिथे ही तूट दिसते. ती टाळता येत नाही, पसरवता येते. त्यासाठी गोठणं खालून वर जायला हवं. साच्याखाली जाड लोखंडी पाट ठेवतो, ओतून होताच लाल केलेलं ग्राफाइटचं झाकण वर ठेवतो आणि त्यावर सिरॅमिक वूल, म्हणजे उष्णता अडवणारी लोकर. आधी खोल घळ यायची, आता उथळ बशी येते. पंखा बंद हवा, वाऱ्याची झुळूकही नको. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२ च्या वर असताना पंख्याशिवाय भट्टीपाशी उभं राहणं शक्य नाही, म्हणून उन्हाळ्यात ओतकाम पहाटेच करतो. लंडनच्या घाऊक बाजारात चालणाऱ्या गुड डिलिव्हरी विटा सोन्याच्या ३५० ते ४३० ट्रॉय औंस (एक ट्रॉय औंस म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम) आणि चांदीच्या ७५० ते ११०० ट्रॉय औंस असतात. त्यांच्या नियमातही आकसण्याला पूर्ण बंदी नाही, ते प्रमाणाबाहेर नसावं एवढंच म्हटलं आहे. हे कळल्यापासून उथळ बशीकडे मी जरा प्रेमाने पाहतो.

तरीही सपाट बाजू हवीच आहे. सध्याचा प्रयोग म्हणजे ओतायचंच नाही. कारखान्यांत लहान, आरशासारख्या चकचकीत लगडी अशाच होतात: मोजलेला दाणा ग्राफाइटच्या साच्यात भरायचा, झाकण लावायचं, निर्वातात किंवा नायट्रोजनमध्ये साच्यातच वितळवायचं आणि तिथेच गोठू द्यायचं. मी साचा मातीच्या झाकणाच्या डब्यात ठेवतो, भोवती कोळशाचे तुकडे भरतो आणि डबा मफल भट्टीत, म्हणजे आत ज्योत नसलेल्या बंद भट्टीत, ढकलतो. दाणा सुटा असताना बरीच जागा खातो, म्हणून साचा लगडीच्या जाडीपेक्षा बराच खोल लागतो. लाटा आणि रेघा संपल्या. वर चांदीचे स्फटिक पिसांसारखे उमटलेले दिसतात. ते घासून काढायचं माझ्या मनात नाही. कोपरे मात्र गोल येतात, कारण चांदी ग्राफाइटला चिकटत नाही, पृष्ठताणाने आत ओढली जाते. चांदीचं वजन वाढवलं की कडा सुधारतात, असं दिसतंय.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून एवढं सांगतो: ग्राफाइट ओलावा धरतो. साचा, कांडी, झाकण, काहीही वितळलेल्या धातूजवळ नेण्याआधी शंभर अंशांच्या बऱ्याच वर तापवून पूर्ण कोरडं करा. अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की धातू तोंडावर उडतो. अंगावर सुती कपडे, चामडी हातमोजे आणि पूर्ण चेहऱ्याची ढाल हवीच.

पुढच्या वेळी त्याच डब्यात नायट्रोजनची नळी सोडून पाहणार आहे, आणि त्याच साच्यात शंभरऐवजी दीडशे ग्रॅम दाणा. घरच्या भट्टीवर नायट्रोजनचा प्रवाह किती ठेवावा याचा अनुभव कोणाला असेल तर आकडे जरूर कळवा.