ब्रिटिश पिक्चर नेमका चालतो कुठे?

२०२५ च्या फेब्रुवारीत ब्रिजेट जोन्सचा (लंडनमधली एक सतत फजिती होणारी बाई, तिच्यावरची ही सीरिज) चौथा पिक्चर आला तेव्हा एक गंमत झाली, आपल्याकडे तिची फारशी चर्चा झाली नाही (आणि का व्हावी म्हणा). ब्रिटनमध्ये तो ऐन व्हॅलेंटाइनच्या तोंडावर थेटरात लागला आणि असला दणकून चालला की रॉमकॉमच्या ओपनिंगचं रेकॉर्डच मोडलं. अमेरिकेत मात्र थेटरात लागलाच नाही, सरळ पीकॉक नावाच्या ओटीटीवर, घरी बसून बघा. आता ही ब्रिजेट झालेली रेने झेलवेगर मूळची टेक्ससची, म्हणजे बाई त्यांचीच, पण त्यांच्याच थेटरात तिला जागा नाही.

हे एकदम झालं नाही बरं का. पहिला भाग २००१ चा, तो ब्रिटनमध्ये सव्वाचार कोटी पाउंडांच्या आसपास कमावून गेला आणि अमेरिकेत सात कोटी डॉलरच्या वर, म्हणजे दोन्हीकडे जोरात. तिसरा २०१६ ला आला. ब्रिटनमध्ये त्याचा गल्ला पहिल्यापेक्षाही जास्त, पावणेपाच कोटी पाउंडांच्या वर, आणि अमेरिकेत जेमतेम अडीच कोटी डॉलर. पंधरा वर्षांत घरच्यांचं प्रेम वाढत गेलं आणि तिकडच्यांनी हळूहळू पाठ फिरवली.

मला वाटतं अमेरिकन माणूस ब्रिटिश पिक्चरला जातो तो पाहुणा म्हणून. त्याला राजवाडे, बटलर, पाऊस, चहा आणि बोलताना अडखळणारा एखादा सभ्य गृहस्थ एवढं मिळालं की पैसे वसूल. किंग्ज स्पीच (२०१०) मध्ये तर राजाच अडखळत बोलतो, मग काय, चार ऑस्कर आणि अमेरिकेत तेरा कोटी डॉलरच्या वर! डाउन्टन ॲबीचा २०१९ चा पिक्चर घ्या, टीव्हीवरची वाड्या-बटलरांची सीरियल थेटरात आणली तर पहिल्याच वीकेंडला तीन कोटी डॉलरच्या वर धंदा. घरचा प्रेक्षक वेगळा असतो, त्याला स्वतःलाच पडद्यावर बघायचं असतं, तेही शक्यतो फजिती होताना.

या दोन्ही गोष्टी एकाच पिक्चरला जमल्या तो म्हणजे फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल. खर्च तीस लाख पाउंडांच्या आत, हीरो ह्यू ग्रँट, ज्याला तोवर फारसं कुणी ओळखत नव्हतं. पण खरी चलाखी रिलीजच्या क्रमात होती. पिक्चर ब्रिटिश, लग्नं ब्रिटिश, पण तो आधी अमेरिकेत लावला, मार्च १९९४ मध्ये, आणि तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या थेटरांत, मग बोलबाला होत होत एप्रिलमध्ये तिथे एक नंबरला गेला. ब्रिटनमध्ये आला मे महिन्यात, आणि पोस्टरवर काय, तर अमेरिकेतली नंबर वन कॉमेडी! लंडनच्या माणसाला लंडनचाच पिक्चर अमेरिकेचा शिक्का दाखवून विकला. मला हे भारी आवडतं, कारण आपण त्यांच्या ज्या खोडीला हसतो तीच आपल्यातही आहे, कान फेस्टिव्हल वगैरेला टाळ्या पडल्याशिवाय आपण तरी कुठे तिकीट काढतो.

त्याची सुरुवात आठवून बघा. अलार्म वाजून गेलेला, दोघं दचकून उठतात, लग्नाला उशीर, आणि पहिली काही मिनिटं संवाद म्हणजे फक्त एक शिवी, तीच ती, घड्याळ बघून एकदा, गाडी चालू होईना म्हणून एकदा, हायवेचं वळण चुकलं म्हणून एकदा. अमेरिकन टीव्हीसाठी हाच सीन सौम्य शिवी घालून वेगळा शूट करून ठेवला होता. ट्रेनस्पॉटिंगचं (स्कॉटलंडमधल्या नशेबाज पोरांचा पिक्चर) तर पुढचं, स्कॉटिश उच्चार तिकडे कळणार नाहीत म्हणून सुरुवातीचा भाग नटांकडून परत डब करून घेतला. इंग्रजीतून इंग्रजीत!

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, त्याचं जुनं उदाहरण म्हणजे द रेड शूज, १९४८ चा, पॉवेल आणि प्रेसबर्गरचा. बॅलेवरचा पिक्चर, शेवट दुःखाचा, पैसे लावणाऱ्या रँक कंपनीला तो बघून घामच फुटला आणि त्यांनी घरी गाजावाजा करायचं टाळलं. तरी ब्रिटनमध्ये तो बरा चालला, पण न्यूयॉर्कच्या बिजू थेटरात लागला तो १०७ आठवडे हललाच नाही. दोन वर्षांहून जास्त! आपल्याकडे सिल्व्हर ज्युबिली म्हणजे २५ आठवडे, हिशोब करा.

आणि गांधी विसरून कसं चालेल. १९८२ चा, दिग्दर्शक ॲटनबरो, आठ ऑस्कर, त्यातलं एक कॉस्च्यूमसाठी आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना, भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. पण घरच्या ब्रिटिशांनी, म्हणजे बाफ्टाने (त्यांचं ऑस्करच म्हणा), कस्तुरबांसाठी रोहिणी हट्टंगडींनाही अवॉर्ड दिलं, अमेरिकेने त्यांना नॉमिनेशनसुद्धा दिलं नाही. इथे मी घरच्यांच्या बाजूने.

एक भानगड मात्र सांगायला हवी, नाहीतर कुणी म्हणेल की ब्रिटनमधला सगळ्यात हिट पिक्चर स्टार वॉर्स आहे, त्याचं काय? बरोबर आहे, २०१५ च्या स्टार वॉर्सने तिथे बारा कोटी पाउंडांच्या वर कमाई केली आणि सरकारी कागदांवर तो ब्रिटिशच, कारण लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत शूट झाला आणि टॅक्सच्या सवलतीसाठी जी मार्कांची परीक्षा असते (३५ पैकी १८ ला पास) ती त्याने दिली. ग्रॅव्हिटीला तर बाफ्टाचं बेस्ट ब्रिटिश फिल्मचं अवॉर्ड मिळालंय. दिग्दर्शक मेक्सिकन, हीरो-हीरोइन हॉलिवूडचे, पैसा वॉर्नरचा, गोष्ट अंतराळात. असले पिक्चर मी हिशोबात धरत नाही, तुम्ही धरा हवं तर. बाँडचंही तसंच, पैसा पहिल्यापासून अमेरिकन, पण त्याला ब्रिटिश नाही म्हटलं तर लोक मारायला येतील.

खरा घरगुती हिट बघायचा असेल तर द इनबिटवीनर्स मूव्ही, २०११. चार कॉलेजला जायच्या वयातली कार्टी सुट्टीला ग्रीसमध्ये जातात आणि पावलोपावली इज्जत घालवतात, बास. ब्रिटनमध्ये साडेचार कोटी पाउंडांच्या आसपास, म्हणजे त्या किंग्ज स्पीचच्या बरोबरीने! अमेरिकेत वर्षभराने चार-दोन थेटरांत लागला आणि चाळीस हजार डॉलरसुद्धा झाले नाहीत. चाळीस हजार, लाख नव्हे. राजवाडा नाही, बटलर नाही, नुसती पोरांची टवाळी, पाहुण्याला त्यात काय कळणार.

रोवन ॲटकिन्सनचं, म्हणजे मिस्टर बीनवाल्याचं, प्रकरण तर मला अजून नीट उलगडलेलं नाही. आमच्या आईला इंग्रजी पिक्चरचं वावडं, पण मिस्टर बीन लागला की ती भाजी निवडायची थांबते. त्याच्या तिसऱ्या जॉनी इंग्लिशने (२०१८) जगभरात पंधरा कोटी डॉलरच्या वर कमावले आणि त्यात अमेरिकेचा वाटा पाच कोटी नव्हे, पन्नास लाखसुद्धा नाही. मूकपटासारखा चेहरा वाकडा करणारा माणूस, भाषेची अडचण नाही, तरी तिकडे नाही म्हणजे नाही. आणि त्याच माणसाचा १९९७ चा बीन तिथे साडेचार कोटी डॉलर घेऊन गेला होता!

माझ्या थिअरीला सगळ्यात मोठं भोक पाडणारा पिक्चर मात्र कॅरी ऑन नर्स. १९५९, सरकारी हॉस्पिटल, पुरुषांचा वॉर्ड, चावट विनोद, ब्रिटनमध्ये त्या वर्षीचा एक नंबर, आणि इतका गावठी ब्रिटिश की परदेशात कुणी विचारायला नको. तर अमेरिकेतही तुफान चालला. राजवाड्याचा पत्ता नाही, आहे तो एक खडूस कर्नल, जो सारखी घंटी वाजवून नर्सेसना पिडतो आणि शेवटी त्या त्याला पालथं झोपवून टेंपरेचर घ्यायच्या बहाण्याने थर्मामीटरच्या जागी डॅफोडिलचं फूल खोचून जातात, मेट्रन, म्हणजे मुख्य नर्स, येऊन बघते तर हे. मी तो जागून बघितला, मधला तासभर बराच रटाळ आहे, विनोदही काही आता खटकतात, पण फुलाच्या सीनपर्यंत धीर धरा.