ओहोटी किती तास असते?

आम्ही नववीत होतो. एका ऑफ तासाला इतिहासाच्या बाई ग्रंथालयातून एक पुस्तक घेऊन वर्गात आल्या. खाकी कव्हर, उसवलेली शिवण, कडेला शाळेचा जांभळा शिक्का. ‘कान्होजी आंग्रे’. मूळ इंग्रजी पुस्तक मनोहर माळगावकरांचं, अनुवाद पु. ल. देशपांड्यांचा. पुलंचं नाव ऐकून आम्ही हसायच्या तयारीने सरसावून बसलो. बाईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि फळ्यावर खडूने अलिबागचा किनारा काढला. पाण्यात एक चौकोन, तो कुलाबा किल्ला.

“ओहोटीला इथे चालत जाता येतं. मग १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून आले, तरी त्यांचं काही का चाललं नाही?”

मी हात वर करून म्हणालो, “कान्होजी शूर होते म्हणून.”

“अरे, शूर समोरचेही असतात. ओहोटी किती तास असते? तेवढ्या वेळात ओल्या वाळूतून तोफ ओढून नेता येते का? आणि पाठीमागून कोण येतंय?”

पाठीमागून बाजीराव येत होते. पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज एकटे पडले. हे बाईंनी तास संपता संपता सांगितलं. जाता जाता एवढंच म्हणाल्या, “हे लिहिणारा माणूस फौजी आहे. म्हणून त्याला वाळू दिसते.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. पुढे मी सैन्यात गेलो, तोही मराठा लाइट इन्फंट्रीत. माळगावकरांची हीच रेजिमेंट. त्यांचा जन्म १९१३ चा. मुंबई विद्यापीठातून पदवी घेतली, काही काळ शिकारीच्या मोहिमा चालवल्या, दुसऱ्या महायुद्धात गणवेश चढवला, लेफ्टनंट कर्नल झाले आणि १९५२ मध्ये सैन्य सोडलं. मँगनीजच्या खाणीही चालवल्या. एकेकाळचा हा शिकारी पुढे वन्यप्राण्यांच्या रक्षणाची बाजू मांडू लागला. कान्होजींवरचं पुस्तक १९५९ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी सैन्यजीवनावरची ‘डिस्टंट ड्रम’ ही कादंबरी. तोवर त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. फाळणीवरची ‘अ बेंड इन द गँजेस’ १९६४ ची. उत्तर कन्नडच्या जंगलातल्या जगलबेटला त्यांचं घर होतं. २०१० मध्ये ते गेले, वयाच्या ९६ व्या वर्षी. बेळगावला असताना जगलबेट काही लांब नव्हतं. तरी मी कधी गेलो नाही, याची खंत आजही आहे.

त्यांच्या सगळ्या पुस्तकांत मला जवळचं वाटतं ते १९७२ चं ‘द डेव्हिल्स विंड’. ही ब्रह्मावर्ताच्या नानासाहेब पेशव्यांची कहाणी, पण सांगतात ते स्वतः, प्रथमपुरुषी. इंग्रजांनी १८५७ नंतर ज्या माणसाला राक्षस ठरवलं, त्याच्या तोंडून बोलायचं धाडस कोणी केलं? ज्याने स्वतः इंग्रजी अमलातल्या फौजेत, इंग्रज वरिष्ठांच्या हाताखाली नोकरी केली होती त्याने. मला यात विसंगती वाटत नाही. हुकूम पाळताना मनात काय चालतं हे त्याला ठाऊक होतं, आणि हुकूम मोडणाऱ्याला काय मोजावं लागतं याचा अंदाजही त्यालाच जास्त असणार. पराभूत माणसाबद्दल इतक्या समजुतीने लिहायला कधीतरी माघारीचा विचार नकाशावर करावा लागतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीत तलवारी पुष्कळ चमकतात. कूच करताना पायाला आलेले फोड फार थोड्यांना दिसतात.

निवृत्तीनंतर मीही लिहायला बसलो. विषय पानिपत. जानेवारी १७६१ च्या आधीचे ते अडीच महिने: रसद तुटलेली, छावणीत माणसं आणि जनावरं उपाशी. पहिली तीन प्रकरणं वहीत उतरली तेव्हा एकच वाचक डोळ्यांसमोर होता. बाई तोवर खूप थकल्या होत्या, वाचताना भिंग लागायचं. वही त्यांच्या हातात दिली आणि पंधरा दिवसांनी आणायला गेलो. आत कुठे शाबासकी नव्हती, की शुद्धलेखनाची दुरुस्तीही नव्हती. दुसऱ्या प्रकरणात माझं घोडदळ मोठ्या जोशात दौडत निघतं, तिथे समासात पेन्सिलीने, थरथरत्या पण त्याच ओळखीच्या अक्षरात एक ओळ होती:

“महिनाभर उपाशी घोडी. वैरण कुठून आणलीस?”

ते प्रकरण मी फाडलं. नव्याने लिहिलेल्या प्रकरणात स्वार घोड्यावर बसत नाही. लगाम धरून तो त्याच्या शेजारून चालतो.