खांदेरीवरचं भांडण, बेलापूरच्या गच्चीवर

शुक्रवार, रात्री

उरणचे काका आज वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन आले. पोपटीसाठी सोसायटीत जाळ कोण करू देणार? शेंगा कुकरमध्येच गेल्या. दोघा म्हाताऱ्यांनी त्यावर यथेच्छ नाकं मुरडली आणि मग एकूण एक संपवल्या. काकांचं निमित्त डोळ्याचं. मोतीबिंदू काढून महिना झाला, नेरुळला तपासणी होती. लोकल उरणपर्यंत गेल्यापासून बेलापूर त्यांना शेजारची आळी वाटते.

बाबा आणि काका अलिबागजवळच्या खांदेरी बेटावरच्या बत्तीवर एकत्र नोकरीला होते. लाइटहाऊस, दीपगृह वगैरे कागदावर; आमच्या घरात ती कायम बत्तीच. बाबा सीनियर, म्हणून काका आजही त्यांना दादा आणि तुम्ही म्हणतात, बाबा मात्र अरे-तुरे करतात. दोघांचं एक जुनं भांडण आहे, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून ऐकतेय. काका म्हणतात, १९७९ च्या मे महिन्यात आपण आकाशातून एक दिवा चालत जाताना पाहिला आणि तो भर आकाशात विझला. बाबा म्हणतात, चालत गेला हे खरं, विझला हे खोटं, ढगाआड गेला. बस, इतकंच. त्यावर दोन शहाणी माणसं चाळीसहून जास्त वर्षं भांडतायत.

सातच्या सुमाराला चहा घेऊन गच्चीवर गेलो. नवा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या गच्चीवर करमणुकीला तोटा नाही. खाडीच्या बाजूने येणाऱ्या विमानाचा दिवा कितीतरी वेळ एका जागी टांगल्यासारखा दिसतो आणि मग एकदम डावीकडे सरकायला लागतो. खालच्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, ते हलतच नाहीये. बाबांना तेवढंच हवं होतं. ‘समोरून येणारं हलत नाही. जहाजाचंही तसंच. बेअरिंग, म्हणजे दिसण्याची दिशा, बदलत नाही आणि दिवा मोठा होतोय, म्हणजे ते तुझ्या अंगावर येतंय.’

मग त्या मुलाने पनवेलच्या बाजूला खाली एक दिवा दाखवला. क्षणात लाल, क्षणात हिरवा, क्षणात निळा. ड्रोनच, म्हणाला. बाबांनी त्याला पाण्याच्या टाकीपाशी उभं केलं, डोकं भिंतीला टेकवायला लावलं आणि तो दिवा टाकीच्या कडेला चिकटवून बघायला सांगितलं. दहा मिनिटांनी दिवा कडेपासून चांगला बोटभर वर सरकला होता. व्याधाचा तारा. क्षितिजाजवळ हवेचा जाड थर मध्ये येतो, म्हणून त्याचे रंग असे फुटतात. पूर्वेला मिथुनेत गुरू होता, व्याधापेक्षा तेजस्वी आणि अजिबात न लुकलुकणारा. या दोघांनी उभ्या आयुष्यात दिवे ओळखण्याचंच काम केलंय. प्रत्येक बत्तीची लुकलुक वेगळी, किती सेकंदांनी किती झोत यावरून खलाशी ती ओळखतो, आणि ती लय चुकली तर जबाबदार बत्तीवाला. त्यामुळे कुठलाही दिवा दिसला की बाबांचं बोट आपोआप मनगटावरच्या घड्याळाकडे जातं. लग्नाच्या मांडवातल्या लायटिंगलासुद्धा.

आणि तेवढ्यात ते आलं. वाशीच्या बाजूने, इमारतींच्या वर. पांढरा, स्वच्छ, न लुकलुकणारा दिवा. आवाज नाही, लाल-हिरवं काही नाही. सरळ डोक्यावर चढला, आग्नेयेकडे उतरायला लागला आणि मृगाच्या अलीकडे जरा तांबूस होऊन, चार-पाच सेकंदांत, गेला. आकाश निरभ्र होतं. त्याच्यापुढे मृगाच्या चांदण्या जशाच्या तशा.

काकांनी बाबांचं मनगट पकडलं. ‘दादा. हेच.’

बाबा काही बोलले नाहीत. चहा गार झाला म्हणून खाली निघून गेले.

शनिवार

सकाळी नासाच्या संकेतस्थळावर वेळ ताडून पाहिली. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकच होतं. चारेकशे किलोमीटर उंचीवरून ते ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने जातं. त्याला स्वतःचा दिवा नाही. आपल्याकडे सूर्य मावळला तरी तिथे वर ऊन असतं, ते ऊन आपल्याला दिसतं. पृथ्वीच्या सावलीत शिरलं की संपलं. म्हणजे भर आकाशात, ढगाशिवाय, दिवा विझतो. काका बरोबर होते असं म्हणायला माझी जीभ वळवळत होती, पण नाश्त्याला बाबांनी आधीच तोंड उघडलं: ‘काल विझला म्हणून तेव्हाही विझलाच, असं कुठंय?’

खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड आहे.

पण काकांची बाजूही लंगडी नाही. १९७९ चा मे म्हणजे स्कायलॅबचे दिवस. अमेरिकेने १९७३ मध्ये सोडलेलं, ७७ टनांच्या आसपास वजनाचं ते अवकाश स्थानक १९७४ पासून रिकामंच फिरत होतं. सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त तापट निघाला, वरची हवा फुगली, तिच्या घर्षणाने ते खाली खाली येत चाललं होतं. पेपरात रोज तेच. कुणाच्या डोक्यावर पडणार, यावर एसटीत पैजा. शेवटी ११ जुलैच्या रात्री ते हिंदी महासागरावर फुटलं आणि तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. (त्याच तारखेला, २०२५ मध्ये, खांदेरी इतर मराठा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला. बाबांनी पेपर बाजूला ठेवत विचारलं होतं, ‘आता तरी जेट्टी नीट करतील का?’) स्कायलॅबची कक्षा विषुववृत्ताशी ५० अंश कललेली, आताच्या स्थानकाची ५१.६. दोघांची वाट जवळपास सारखी. खांदेरीवरून ते दिसणं सहज शक्य होतं.

बत्तीवर तेव्हा तिसरंही मत होतं. स्वयंपाकाला असलेल्या माणसाने हात जोडून सांगितलं होतं, वेताळाची पालखी निघाली, बघत राहू नका. बेटावर वेताळाचं ठाणं आहे, कोळी बांधव त्याला मानतात. गंमत म्हणजे या तिसऱ्या मताशी बाबा आणि काका दोघंही कधी भांडले नाहीत.

दुपारी भांड्यांचा आवाज थांबल्यावर खरं काय ते कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की भांडण दिव्याचं आहे. ते नोंदवहीचं आहे. त्या रात्री ड्यूटी बाबांची होती. काका म्हणत होते, दिसलं ते लिहा. वेळ, दिशा, रंग. बाबांनी लिहिलं नाही. त्यांच्या मते वहीत आपली बत्ती, हवा आणि जहाजं यांना जागा होती; आकाशातल्या कोण कुठल्या दिव्याला नाही. काका तेव्हा पंचविशीच्या आतले, नुकते नोकरीला लागलेले. सीनियरपुढे पेन मागायची हिंमत झाली नाही, म्हणाले.

मी काकांच्या बाजूची आहे. ज्या वहीत वारा कुठून सुटला हे चार-चार वेळा लिहायचं, तिथे एक ओळ मावली असती. बाबांचा नेमकेपणा मला ठाऊक आहे. जुन्या बत्त्यांच्या भिंगाला दिवसा पडदे ओढावे लागत, नाहीतर तेच भिंग ऊन गोळा करून आतलं काहीतरी पेटवायचं. ही गोष्ट सांगताना ते पडद्याच्या कड्यांपर्यंत जातात. पाऱ्यावर तरंगणारं टनावारी वजनाचं भिंग एका बोटाने फिरायचं, हे सांगताना ते बोटही दाखवतात. अशा माणसाने त्या रात्री वही मिटून ठेवावी, हे पटत नाही.

मंगळवार

काका परवाच उरणला गेले. आज फोन आला, मी स्पीकरवर टाकला. डोळा छान आहे, शेंगा पुन्हा पाठवतो, आणि स्थानक पुन्हा कधी दिसणार. मी येत्या दिवसांच्या वेळा वाचून दाखवल्या. बाबांनी मध्येच विचारलं, क्षितिजापासून किती अंश वर. मी सांगितलं. त्यांनी पेपरच्या कोपऱ्यावर लिहून घेतलं.

काका हे ऐकून थांबले थोडेच. ‘तेव्हा लिहिलं असतं दादा, तर आज तारखेवरून छडा लागला असता. वादच मिटला असता.’

‘लिहिलं असतं,’ बाबा म्हणाले, ‘आणि वरून विचारणा आली असती, की दिवा कसला, कुठे गेला, तुम्ही त्या वेळी बत्तीकडे बघत होतात की आकाशाकडे? उत्तर कोण देणार होतं? तू?’

‘दिलं असतं की.’

‘काय दिलं असतंस?’

‘विझला म्हणून.’

‘बघ,’ बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, ‘अजून तेच.’ आणि फोन माझ्या हातातून घेऊन, स्पीकर बंद करून, आतल्या खोलीत गेले. पाऊण तास झाला, अजून आतून आवाज येतायत.