माझं व्याकरणाचं पुस्तक, चोरी आणि कोर्ट

साताऱ्यात मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मराठी व्याकरण शिकवतो. वर्गात शिकवता शिकवता तयार झालेलं माझं पुस्तक दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका क्लासवाल्याने कव्हर बदलून स्वतःच्या नावाने छापलं आणि त्याची पीडीएफ टेलिग्रामवर सोडली. व्याकरणाचे नियम कुणाच्या मालकीचे नसतात, हे मलाही मान्य आहे. पण 'भिवाने उसाची मोळी बांधली' हे कर्मणी प्रयोगाचं वाक्य माझं, भिवा आमच्या गल्लीतला. वाक्यं तीच, प्रकरणांचा क्रम तोच, छापखान्यात राहून गेलेल्या चुकासुद्धा त्याच. फार संताप आला.

वकील मॅडमनी आधी विचारलं, "सर, कॉपीराइटची नोंदणी आहे?" नव्हती. मी आयएसबीएन दाखवला. तो फक्त पुस्तकाचा ओळख क्रमांक, मालकीचा पुरावा नव्हे, असं त्या म्हणाल्या. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिलं की हक्क लेखकाचा होतोच. नोंदणी ऐच्छिक आहे आणि ती नसली तरी दावा चालतो, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल त्यांनी वाचून दाखवला. शिवाय छापील प्रतीवर ज्याचं नाव, तोच लेखक असं कोर्ट धरून चालतं. नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. पुस्तकावर आपलं नाव आणि साल ठळक छापा, ते इथे कामी येतं.

मग पुरावे जमवले. त्या क्लासवाल्याने छापलेली प्रत पावती घेऊन विकत आणली, डीटीपीवाल्याकडून तारखांसकट जुन्या फाइली आणि प्रुफांचे ईमेल मिळवले. पीडीएफसाठी टेलिग्रामकडे लेखी तक्रार दिली. अशा तक्रारीवर मजकूर ३६ तासांत रोखायचा असतो, मात्र २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. त्यामुळे दावा लगेच टाकावा लागला. तो साताऱ्यातच टाकता आला, कारण लेखक राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात जाण्याची सोय कलम ६२ मध्ये आहे. माझ्यासारख्या एकट्या माणसाला हे कलम म्हणजे मोठाच आधार. मागण्या तीन: छपाई-विक्रीला मनाई, नुकसानभरपाई, नफ्याचा हिशेब. फौजदारी वाटही होती. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. पण पोलीस आधी छपाईवाल्या कामगारांपर्यंत पोचले असते, ते मला नको होतं.

दरम्यान नोंदणीचा अर्जही ऑनलाइन भरला होता. साहित्यकृतीला ५०० रुपये फी, डायरी नंबर म्हणजे अर्जाचा क्रमांक, हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत, मग छाननी. समोरच्याचं म्हणणं होतं की दोघांनीही जुन्याच पुस्तकांतून संकलन केलं. प्रमाणपत्र कोर्टात दाखल झालं आणि ते प्रथमदर्शनी पुरावा असल्याने उलट सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर गेलं. त्याच्याकडे ना हस्तलिखित, ना जुनी फाइल. अंतरिम मनाई मिळाली आणि नंतर तडजोड झाली: उरलेल्या प्रती माझ्या ताब्यात, ठरलेली रक्कम, पुन्हा न छापण्याची कोर्टापुढे लेखी हमी.

अप्रकाशित लेखनाचीही नोंदणी होते. दुसऱ्या भागाचा अर्ज मी छापखान्यात जाण्याआधीच भरला आहे.