मोमो राजा बघायला पोरांना नेणार असाल तर

सुरुवातीलाच सांगून टाकते. गोव्याच्या कार्निव्हलचा राजा, म्हणजे किंग मोमो, मिरवणुकीच्या सगळ्यात पुढं असतो. आपल्याकडं गणपतीत ढोल-लेझीम पुढं आणि मूर्ती मागं, वरातीत बँडबाजा पुढं आणि नवरदेव मागं. त्यामुळं राजा म्हटल्यावर तो शेवटी येणार, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. पणजीत शनिवारी आमचा राजा चुकला तो एवढ्यासाठी.

आम्ही कोल्हापूरचे, पण नवऱ्याच्या नोकरीमुळं गेली तीन वर्षं पणजीजवळ पर्वरीत राहतो. गोवा तसा परका नाही, मंगेशीला आणि शांतादुर्गेला आमचं लहानपणापासून येणंजाणं आहे. पण इथं बिऱ्हाड थाटल्यावर कळतं की कार्निव्हल, इंत्रूज म्हणतात इथले लोक, ही आपल्या कॅलेंडरात नसलेली गोष्ट आहे. मधल्या काळात थंडावलेला हा सण १९६५ पासून चित्ररथांच्या मिरवणुकीच्या रूपात पुन्हा सुरू झाला. ख्रिस्ती लोकांच्या उपासाआधीचे चार दिवस गोव्यावर मोमो राजाचं राज्य. हा राजा दरवर्षी नवा असतो आणि पर्यटन खात्याकडं आलेल्या अर्जांतून निवडला जातो, हे मला नंतर कळलं. पोरांना मी अजून सांगितलेलं नाही.

यंदा, म्हणजे २०२५ ला, पणजीची मिरवणूक १ मार्चला, शनिवारी होती. दीर-जाऊ कोल्हापूरहून आले होते. त्यांचा शौर्य पाच वर्षांचा, आमची ईरा आठ. मी उत्साहात बोलून बसले, "चला, राजा बघायला जायचंय." शौर्यनं लगेच पिशवीतून जिरेटोप काढला. पुठ्ठ्याचा, सोनेरी कागद लावलेला, मोत्याचा तुरा फेविकॉलनं चिकटवलेला. राजाला भेटायला तसंच जायचं म्हणाला. शिवजयंतीला शाळेत घातलेला, तेव्हापासून डोक्यावरून उतरलाच नव्हता, असं जाऊ सांगत होती.

मिरवणूक साडेतीनला, असं पेपरात होतं. शेजारच्या आंटी म्हणाल्या, "साडेतीन म्हळ्यार पांच गो. सवकास वचात." म्हणजे साडेतीन म्हटलं की पाच, सावकाश जा. गोव्यात तीन वर्षं काढल्यावर हे कुणालाही पटेल. आम्ही जेवलो, पोरांना झोपवलं आणि चारला निघालो. वर आंटींनीच सांगितलं की पणजीत गाडी घालू नका, ताळगावच्या बाजूला लावा आणि सांतिनेजमधून चालत कांपालला उतरा. आंटींचं मन सोन्यासारखं आहे. त्यांचा सल्ला मात्र इथून पुढं मी फक्त फिश करीपुरता घेणार आहे.

आता तो रस्ता. नकाशावर पावणेदोन किलोमीटर दिसतो. धडधाकट माणसाला पंचवीस मिनिटं. आम्हाला सव्वा तास लागला. वाटेतला निम्मा रस्ता खणलेला. गटाराचं काम, केबलचं काम, आणखी कसलं काम, देव जाणे. कडेला लाल मातीचे ढीग, त्यावर निळी ताडपत्री, आणि चालायला फूट-दीड फुटाची फळी. समोरून माणूस आला की एकानं मागं सरायचं. चेंबरची झाकणं रस्त्यापेक्षा वीतभर वर आलेली, ईरा दोनदा ठेचकाळली. एका ठिकाणी पाइप गळत होता, तिथं शौर्यचा उजवा पाय घोट्यापर्यंत आत गेला. पाय वर आला, सँडल आला नाही. दिरांनी बाही सरसावून कोपरापर्यंत हात घातला, तेव्हा सँडल मिळाला, पण बक्कल तुटलेलं. तिथून पुढं शौर्य काकाच्या खांद्यावर. एका पायात लाल चिखलाचा मोजा, डोक्यावर जिरेटोप. बायाबापड्या थांबून फोटो काढत होत्या.

तुम्ही म्हणाल, खणलेला रस्ता आज आहे, उद्या नसेल. असेलही तसं. पण मुद्दा खड्ड्यांचा नाहीच. यंदाची मिरवणूक दिवजा सर्कलच्या बाजूनं निघून मांडवीकाठच्या बांदोडकर रस्त्यानं कांपालच्या कला अकादमीकडं जाणार होती. दिवजा सर्कल म्हणजे कदंबा बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर. पर्वरीतून दर पाच-दहा मिनिटांनी पणजीची बस आहे. बसमध्ये बसलो असतो तर राजाच्या सिंहासनासमोर उतरलो असतो! ते सोडून आम्ही अटल सेतूवरून पणजीला वळसा घालून पार दुसऱ्या टोकाला गेलो, गाडी लावायला मोकळ्या प्लॉटवर एका पोराला पावतीविना तीनशे रुपये दिले, आणि मग तो चिखल.

कांपालला पोचलो तेव्हा सहाला दहा कमी होते. समोर एका चित्ररथावर पोदेर सायकलवरून पाव विकत होता, पाठोपाठ माडावर चढणारा रेंदेर. दोन्ही सुंदर. मी शेजारच्या माणसाला विचारलं, राजा कधी येणार? तो हसला. "राजा? तो केन्नाच गेला." म्हणजे कधीचाच गेला.

शौर्यला हे सांगायचं कसं? आम्ही सांगितलंच नाही. म्हटलं, बघत राहू. आणि इथं खुर्चीचा प्रकार झाला.

रस्त्याच्या कडेला माणसांच्या पाच-सहा रांगा. मागं एकजण प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्यानं देत होता, दोनशे रुपये एक. बाजारात तीच खुर्ची साडेचारशेला विकत मिळते. पण पोरं रडकुंडीला आली होती, दोन घेतल्या. बसल्यावर दिसली ती फक्त लोकांची पाठ. म्हणून पोरांना खुर्चीवर उभं केलं. तर तो माणूस आला आणि म्हणाला, उभं राहायचे शंभर जादा, खुर्ची मोडते. मी म्हटलं, अहो, पंधरा किलोचं पोर आहे. तो म्हणाला, मग पन्नास द्या. हसावं की भांडावं कळेना. नवऱ्यानं पन्नास दिले, ते मला अजून पटलेलं नाही. साडेचारशे रुपयांत आम्ही काय बघितलं, तर चार-पाच अस्सल गोव्याचे चित्ररथ आणि त्यांच्या दुप्पट जाहिरातींचे. एका गाडीवर नुसता मोठा मोबाइल होता आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्या मुली. गाणी एवढ्या मोठ्यानं की पोटात हादरे बसावेत. शौर्य कान झाकून शांतपणे म्हणाला, "काकू, ह्यो कसला राजा ओ? ह्याला तलवार न्हाई, घोडा न्हाई." त्याला वाटलं, तो मोबाइलच राजा.

परतीचा रस्ता अंधारात तोच. त्यावर मी लिहीत नाही.

तर पणजीबद्दल माझं मत ऐका. दहा वर्षांखालचं पोर असेल तर पणजीला जाऊ नका. जायचंच असेल तर बसनं जा, मिरवणूक जिथून निघते तिथं तीनच्या आत पोचा, आणि राजा बघून झाला की उठा. बाकीच्यासाठी थांबायची गरज नाही. आदल्या दिवशी पेपरात मार्ग नीट बघा, कारण तो बदलतो. काही वर्षं मिरामार ते दोनापावला अशी मिरवणूक होती. पुण्या-मुंबईसारखी अॅपवर रिक्षा मागवू असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. आणि रस्त्यावर उभे राहणार असाल तर नदीकडं पाठ करू नका, नदीकडं तोंड करा. बांदोडकर रस्त्यावर ऊन पश्चिमेकडून येतं, कांपालच्या जुन्या झाडांच्या बाजूला निदान सावली मिळते. कानात घालायला कापूस घ्या, मी थट्टा करत नाही. मुतारी शोधण्यात अर्धा तास जातो, तेव्हा पोरांना पाणी बेतानं पाजा. हे डॉक्टरला विचारू नका.

शौर्य रविवारभर गप्प होता. तेव्हा ईरानं एक गोष्ट काढली, जी खरं तर मला सुचायला हवी होती. "आई, आपण शाळेला कदंबाच्या बसने जातो. ते कदंब म्हणजे राजेच ना?" आहेतच की! गोव्यावर राज्य केलेलं घराणं, त्यांचा सिंह बसवर रंगवलेला असतो, आणि आम्ही तीन वर्षं त्या सिंहाखाली उभं राहून सुट्टे पैसे मोजतोय. त्यांची राजधानी आधी चांदरला होती, चंद्रपूर म्हणायचे तेव्हा. अकराव्या शतकात ती गोपकपट्टणाला, आजच्या गोवा वेल्हाला हलली. आणि कार्निव्हलच्या सोमवारी रात्री चांदरच्या कोट वाड्यावर मुसळांचा खेळ असतो. म्हणून सोमवारी शाळा बुडवली आणि गेलो.

पर्वरीहून पन्नासेक किलोमीटर. मडगावहून बस आहे, पण रात्री परतीची बस मिळेल या भरवशावर जाऊ नका, स्वतःची गाडी हवीच. उजेड असताना पोचा, कारण मुसळखेळाआधी एक बघायचं आहे. कोट भागात जुन्या शिवमंदिराचा विटांचा पाया उघडा केलेला आहे आणि तिथं एक दगडी नंदी बसलाय. त्याला डोकं नाही. मानेपाशी तुटलेला, पण पाठीवरच्या घुंगरमाळा अजून स्पष्ट दिसतात. बाकी काही नाही. पाटी वाचायला दोन मिनिटं लागतात. पण आमची पोरं कुंपणापाशी वीस मिनिटं उभी होती. शौर्यनं टोप काढून हातात घेतला, नंदीकडं बघितलं, आणि म्हणाला, "ह्याला डोकंच न्हाई. टोप कुठं घालायचा?"

मुसळखेळ रात्री होतो. चांदरचे गावकर, सगळे ख्रिस्ती, धोतर-पागोट्यात. हातात माणसाच्या उंचीची मुसळं. घुमट नावाच्या मातीच्या वाद्याच्या तालावर ती जमिनीवर आपटत घरोघरी फिरतात. विजयनगरच्या हरिहरानं चोळांना हरवलं त्याची ही आठवण, असं गावात सांगतात. गाण्यात हरिहराचं नाव येतं. चर्चला जाणारी माणसं, पोर्तुगीजांची साडेचारशे वर्षं जाऊन आली, आणि तोंडी गाणं हरिहर राजाचं. मुसळ आपटल्यावर तळव्याला मातीतून हादरा लागतो, लाउडस्पीकरचा नाही. शौर्यनं पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी खुर्ची दिली नाही. ज्यांच्या अंगणात उभे होतो त्या आजींनी पोरांना दोदोल, इथली मिठाई, दिलं.

उशीर होतो, हे लक्षात घ्या. आम्ही रात्री साडेबाराला घरी पोचलो आणि मंगळवारी ईराची चाचणी परीक्षा होती. तिचे मार्क यायचेत.

मंगळवारी संध्याकाळी म्हापशाला मिरवणुकीचा शेवटचा दिवस. बस मिळाली, जागा मिळाली, राजा दहा फुटांवरून दिसला. "खा, पी आनी मजा कर" म्हणाला. त्यानं शौर्यचा जिरेटोप बघून हात जोडले. साडेसहाला घरी. बुधवारपासून ख्रिस्ती लोकांचा उपास सुरू, की संपलं राज्य.

खरे राजे हवे असतील तर आणखी एक जागा सांगते, आमचं अजून जायचं राहिलंय. नार्व्याचं सप्तकोटीश्वर. हे कदंबांचं कुलदैवत, त्यांच्या नाण्यांवरही त्याचं नाव आहे. पोर्तुगीजांनी दिवाडी बेटावरचं देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडं नार्व्याला नेलं, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ नव्यानं बांधून घेतलं. जुन्या गोव्याहून फेरीनं दिवाडी, दिवाडीहून दुसऱ्या फेरीनं नार्वे. पायी जाणाऱ्याला फेरी फुकट. कदंब आणि महाराज एकाच देवळात! शौर्यला हे फोनवर सांगितलं तर तो मे महिन्यापर्यंत थांबायला तयार नाही.

पुढच्या वर्षीसाठी आत्ताच मांडून ठेवा. ईस्टर ५ एप्रिल २०२६ ला आहे, म्हणजे उपास सुरू होणारा बुधवार १८ फेब्रुवारीला, आणि पणजीचा शनिवार १४ तारखेला येतो. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र, तेव्हा बसेस भरलेल्या असणार. चांदर सोमवारी १६ ला, म्हापसा मंगळवारी १७ ला. आणि १९ ला शिवजयंती, म्हणजे जिरेटोप त्या आठवड्यात बाहेर असणारच. खुर्ची घरून न्या. आमची फोल्डिंगची माळ्यावर होती.