बँडचे वार्षिक स्नेहभोजन आणि आमचा प्रॉप क्रू

टेक्सासमधील आमच्या हायस्कूलच्या मार्चिंग बँडचे, म्हणजे मैदानावर कवायतीच्या चालीत वाजवणाऱ्या वाद्यवृंदाचे, वार्षिक स्नेहभोजन डिसेंबरच्या सुरुवातीला, स्पर्धांचा हंगाम संपून ट्रेलर रिकामा झाल्यावर, शाळेच्या कॅफेटेरियात होते. स्वागत, पालकांच्या बूस्टर क्लबचा जमाखर्च, नव्या पदाधिकाऱ्यांची नावे आणि निकालांची उजळणी हे सारे यथासांग पार पडते. मी मात्र तिथे जाते ती शेवटच्या अर्ध्या तासासाठी. आमची मुलगी या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत असे, आणि ती कॉलेजला गेल्यावरही मी व माझे यजमान प्रॉप क्रूमध्ये, म्हणजे मैदानावरचे नेपथ्य हलवणाऱ्या पालकांच्या गटात, टिकून आहोत.

यूआयएल ही टेक्सासमधील शालेय स्पर्धा घेणारी संस्था. तिच्या नियमानुसार मार्चिंगचा सराव 1 ऑगस्टपूर्वी सुरू करता येत नाही, आणि शाळा सुरू झाल्यावर शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला 8 तासांहून अधिक सराव घेता येत नाही. त्यामुळे मुलांच्या त्या मोजक्या तासांतले एक मिनिटही नेपथ्याच्या चौकटी ढकलण्यात जाऊ नये, यासाठी पालकांचा क्रू उभा राहिला. सुट्टीच्या दिवशी प्लायवूड कापणे, पाइपांचे सांगाडे जोडणे, त्यांना चाके बसवणे आणि कापड ताणून रंगवणे ही कामे आम्ही करतो. स्पर्धेच्या दिवशी मात्र आमच्या हातात फार थोडा वेळ असतो. यूआयएलमध्ये सादरीकरण 8 मिनिटांहून लांबता कामा नये, तर बँड्स ऑफ अमेरिका या देशपातळीवरच्या मार्चिंग बँड स्पर्धामालिकेच्या प्रादेशिक स्पर्धांत मैदानात येणे, मांडणी, सादरीकरण आणि बाहेर पडणे या सगळ्याला मिळून 15 मिनिटे मिळतात. वेळ आणि दंड पाहणारा स्वतंत्र पंच घड्याळ घेऊन कडेला उभा असतो, आणि मुलांनी चार महिने घाम गाळून मिळवलेले गुण आमच्या रेंगाळण्याने कापले जाऊ शकतात, ही जाणीव आम्हाला क्षणभरही सोडत नाही.

वाजवणाऱ्यांखेरीज मैदानावर कोणी यावे, केव्हा यावे आणि कशाला हात लावावा, याबाबत प्रत्येक संस्थेची नियमपुस्तिका वेगळी असते आणि ती सुधारलीही जाते. म्हणून आमच्या बँडने सर्वांत कडक शिस्त सगळीकडे पाळायची असे ठरवले आहे. शाळेने पार्श्वभूमी तपासल्याशिवाय कोणीही क्रूमध्ये येत नाही. मनगटपट्टी नसलेल्याला फाटकातून आत सोडले जात नाही. काळे कपडे आणि बंद बूट घालावे लागतात, फोन ट्रेलरमध्येच ठेवावा लागतो. सादरीकरणाची घोषणा होण्यापूर्वी प्रत्येकाने बाजूरेषेबाहेर यायचे, आणि त्यानंतर प्रॉप हलवायचा असेल तर तो मुलांनीच हलवायचा. आपले मूल समोरून चालत गेले तरी हात हलवायचा नाही, टाळी वाजवायची नाही. सॅन अँटोनिओच्या अलामोडोममध्ये छप्पर असल्याने वाऱ्याची चिंता नसते, पण उघड्या मैदानावर उंच चौकटीचे शीड होते. तेव्हा प्रत्येक चाकाचा ब्रेक बुटाच्या टोकाने दाबायचा, चौकट हाताने एकदा हलवून पाहायची, वाळूची पिशवी सांगाड्याच्या आडव्या पट्टीवर टाकायची आणि मगच वळायचे. हा क्रम कोणी चुकवला तर मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

स्नेहभोजनात शेवटचे भाषण मुलांपैकी कोणीतरी क्रूसाठी करते, आणि ते ऐकताना दरवर्षी माझे डोळे भरून येतात. त्यातले एक विसरता येत नाही. ऑगस्टच्या शिबिरात पायाचे हाड मोडल्यामुळे एका मुलीला पूर्ण हंगाम वाजवता आले नव्हते. प्लास्टर निघाल्यावर ती आमच्यात आली आणि चौकटी ढकलू लागली. रेषेबाहेर उभी राहून ती प्रत्येक सादरीकरणात मांडीवर बोटांनी आपला भाग वाजवत असे आणि तिची जागा जिथे असायला हवी होती तिथे नजरेने चालत असे, हे आम्ही शेजारी उभे असून कोणालाच कळले नव्हते. ते तिने त्या भाषणात सांगितले. मग तिने क्रूमधल्या प्रत्येकाला, कागद न पाहता, नावाने हाक मारून उभे केले. माझ्या नावाचा उच्चार तिने अगदी बरोबर केला, कारण त्यासाठी ती आधी माझ्या मुलीला फोन करून विचारून आली होती.

इथे नावे छापत नाही, पण कामावरून प्रत्येकाला आपली ओळख पटेल. नातू केव्हाच शाळेतून बाहेर पडला तरी करवत घेऊन येणारे आजोबा. मोठा ट्रक चालवणारे आणि पहाटे तो परत आणून लावणारे गृहस्थ. कापडाच्या लांबच लांब शिवणी घालणाऱ्या दोघी बहिणी. मारिंबा आणि व्हायब्राफोन या अवजड वाद्यांचे चाकांचे गाडे ओढणारे नागपूरचे जोडपे. बर्फाच्या पेट्या भरणाऱ्या व्हिएतनामी काकू. प्रथमोपचाराची पेटी सांभाळणाऱ्या परिचारिका. मनगटपट्ट्यांची यादी कधीही न चुकवणाऱ्या बूस्टर क्लबच्या सचिव. शनिवारी अंधारात फाटक उघडून देणारे शाळेचे कर्मचारी. आणि रंगाचे डबे घरच्या गॅरेजमध्ये ठेवू देणारे आमचे शेजारी, ज्यांचे मूल बँडमध्ये कधीच नव्हते. यातून कोणी सुटले असेल तर त्यांनी मला हक्काने कळवावे, पुढच्या यादीत त्यांचा उल्लेख सर्वांत आधी होईल.

एक खंत मात्र बोलून दाखवते. पदके आणि जॅकेटे वाटून झाली की निम्मे सभागृह उठते, आणि क्रूसाठीचे ते भाषण रिकाम्या खुर्च्यांना ऐकवले जाते. त्यात आपली मराठी कुटुंबेही असतात, याचे मला अधिक वाईट वाटते. महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाला पडदा पडेपर्यंत बसणारी माणसे इथे मुलाचे नाव पुकारले गेले की गाडीच्या किल्ल्या शोधू लागतात. ज्या चौकटीपुढे आपल्या मुलाचे छायाचित्र काढले ती तिथे कोणी आणून उभी केली, हे ऐकायला वीस मिनिटे थांबणे जड नाही. यंदा मी बँड संचालकांना लेखी विनंती केली की क्रूचे भाषण पदकांच्या आधी घ्यावे आणि आमचे टेबल व्यासपीठासमोर मांडावे. दोन्ही गोष्टी त्यांनी मान्य केल्या आहेत. ट्रेलर उतरवून झाल्यावर काळ्या कपड्यांतच आले तरी चालेल, पण क्रूमधल्या प्रत्येकाने वेळेवर येऊन बसावे.