मावशीच्या डबीतला खडा

गेल्या दिवाळीत मावशीने कपाटातली जुनी डबी उघडून एक पेंडंट माझ्या हातावर ठेवलं. "सनस्टोन आहे म्हणे. तू दगडांचं शिकलीस ना? बघ बरं, खरा आहे का." माझ्या पोटात गोळाच आला. आदल्याच वर्षी एका प्रदर्शनातून सनस्टोन म्हणून मी घेतलेले कानातले काचेचे निघाले होते. मावशीला तसं सांगायची वेळ येऊ नये, असं मनापासून वाटत होतं.

खिडकीतल्या उन्हात खडा धरला. आधी नुसता फिकट नारिंगी. जरासा कलवला आणि आतून तांबूस झळाळी उठली. आणखी थोडा फिरवला, तर सगळी एकदम विझली. तिथेच माझा जीव भांड्यात पडला.

सनस्टोन हा फेल्स्पार, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात पांढरट कण दिसतात त्यांच्याच घराण्यातला. त्याच्या पोटात बहुधा हेमॅटाइटच्या, म्हणजे लोखंडाच्या एका खनिजाच्या, पातळ पापुद्र्या असतात, अमेरिकेतल्या ओरेगनच्या खड्यांत तांब्याच्या. स्फटिक घडताना त्या ठरावीक पातळ्यांवर एकमेकींना समांतर बसतात, म्हणून एकदम चमकतात आणि एकदम मावळतात. माझ्या कानातल्यांची काच, बाजारातला 'संगसितारा', वितळलेल्या काचेत तांब्याचे स्फटिक वाढवून करतात. ते वाट्टेल तसे वळलेले असतात, त्यामुळे कसंही फिरवा, काही ना काही चमकतंच.

मग दोन्ही दहापट भिंगाखाली घेतले. मावशीच्या खड्यात काही पापुद्र्या षट्कोनी, काही तुटक्या, एका बाजूला दाटी आणि एक कोपरा अगदी रिकामा. माझ्या काचेत सगळीकडे सारख्याच मापाचे बारीक ठिपके, चाळणीतून गाळल्यासारखे.

एक गोष्ट मात्र खटकली. खड्याच्या माथ्यावर केसासारखे बारीक ओरखडे होते. मावशी तो पदराने कोरडाच पुसायची. ओरखड्यांना दाद न देण्याच्या 1 ते 10 च्या मापावर फेल्स्पारची कठिनता 6 ते 6.5, आणि धुळीत गारगोटीचे कण असतात, त्यांची 7. शिवाय हा दगड दोन दिशांनी सहज फुटतो, म्हणून आपटूही द्यायचा नाही. कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन, मऊ कापडाने टिपून मी तो मावशीच्या गळ्यात घातला.

"म्हणजे खरा?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता उन्हात जाऊन तो हळूहळू कलवत उभी राहिली.